बुयुर्साचा रकाना

आमच्या गावात भविष्यकाळ नाही. व्याकरणाच्या पुस्तकात आहे, आणि तिथे मला त्यात पैकीच्या पैकी मार्क आहेत, पण गावात नाही. कुणालाही विचारा, उद्या येतेस का? उत्तर येतं, "येते, बुयुर्सा." म्हणजे वरून तसं ठरलेलं असेल तर. छप्पर दुरुस्त होणार आहे, बुयुर्सा. मेंढ्या सोमवारी कुरणावर जाणार आहेत, बुयुर्सा. जोल्दोश बाइकेची, म्हणजे जोल्दोशदादाची, बिश्केकला जाणारी गाडी सकाळी आठला सुटते, बुयुर्सा, म्हणजे शेवटची सीट भरली की सुटते. मग घड्याळात आठ वाजलेले असोत की साडेअकरा.

मी बेगाइम, आठवी ब. या मार्चपर्यंत मीसुद्धा बुयुर्सा म्हणायचे, हे मी कबूल करते. पण मार्चमध्ये आमच्या शाळेत शहरातून एक बाई आल्या आणि चार दिवसांचं शिबिर झालं. विषय होता ध्येय. तोवर वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. चौथ्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपला आराखडा सांगायचा होता. मी बाक धरून उभी राहिले, पण एकदा तोंड उघडलं ते मिटेचना, आणि माझा पहिला नंबर आला. एक प्रमाणपत्र मिळालं आणि एक जाडजूड निळी फाईल, आत तीन लोखंडी कड्या असलेली. त्या दिवसापासून माझं चालणं बदललं, बोलणं बदललं. मोठ्या आपाने, म्हणजे माझ्या आजीने, विचारलं की सर्दी झाली आहे का.

शिबिरात शिकवलं होतं की ध्येय मोजता आलं पाहिजे, त्याला तारीख पाहिजे, आणि तारखेला रकाना पाहिजे. फाईल होती, रकाने आखून झाले होते, फक्त ध्येय नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. ध्येय सतरंजीवर बसून माझी चप्पल चघळत होतं.

ओरोज माझा भाऊ. वय अकरा महिने, वजन दोन वर्षांचं. तो चालत नव्हता. आणि मे महिन्यात आपाचा, म्हणजे माझ्या आईचा, धाकटा भाऊ, माझा सामात तायके, दोन वर्षांनी मॉस्कोहून एका आठवड्यासाठी घरी येणार होता. तो तिथे पावाच्या कारखान्यात कामाला आहे, आणि ओरोजला त्याने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. फोनवर तो म्हणाला, "पोराची दोरी मी असताना कापा रे. तेवढं तरी मला बघू द्या."

मूल चालायला लागलं की आमच्याकडे घोड्याच्या पायांत बांधतात तशी त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीची पिळाची दोरी बांधतात. मग शर्यत लावतात. जो पहिला येतो तो दोरी कापतो, आणि मूल त्याच्यावर जातं. माझी दोरी सामात तायकेने कापली होती. तेव्हा तो माझ्याएवढा होता आणि अनवाणी धावला होता. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की मला ती आठवते असंच वाटतं. म्हणून मी फोन आपाच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "तायके, चोवीस मे, रविवार, सकाळी अकरा. शंभर टक्के."

"बुयुर्सा," मोठी आपा माझ्या वतीने मागून पुटपुटली.

या समारंभाला एकच अट असते. मूल चालत असलं पाहिजे. या अटीकडे माझं दुर्लक्ष झालं असं नंतर गावात बोललं गेलं. ते खोटं आहे. त्यासाठी रकाना होता.

आराखडा सात आठवड्यांचा होता. पहिल्या आठवड्यात पेटी धरून उभं राहणं, तिसऱ्यात एका हाताने धरणं, पाचव्यात दोन पावलं, सहाव्यात सात, सातव्यात सराव. दोरी मोठ्या आपाने वळायची आणि ती हरवू नये म्हणून "कायम बेगाइमच्या डाव्या खिशात", कलम एकतीस. शर्यत कोण जिंकणार हेही मी नशिबावर सोडलं नव्हतं. दहावीतली कानिशाय शंभर मीटरला जिल्ह्यात पहिली आहे. तिला मी बोलावलं, आणि बाकीचे स्पर्धक फार विचारपूर्वक निवडले. एकाच्या पायाला प्लास्टर होतं.

घरात मी बुयुर्सा या शब्दावर बंदी घातली. मोठ्या आपाने विचारलं, मग त्या जागी काय म्हणायचं. मी म्हटलं, नुसतं हो म्हणायचं.

"नुसतं हो म्हणणारी माणसं मला उद्धट वाटतात," ती म्हणाली आणि दोरी वळत राहिली.

शर्यत आमच्या गल्लीत व्हायची, म्हणजे गल्ली बंद करायला परवानगी हवी. आजवर कुणी घेतली नव्हती. गल्लीत बैल बसला तरी ती बंद होते आणि बैल अर्ज करत नाही, असं बाबा म्हणाले. पण मी ग्राम कार्यालयात गेले. तिथले कारकून शार्शेन बाइके यांनी कपाट उघडलं, अर्ज शोधला, त्यावरची धूळ फुंकून माझ्या अंगावर पाठवली आणि विचारलं की हा कार्यक्रम कौटुंबिक आहे की क्रीडा. मी अभिमानाने दोन्हींवर खूण केली. क्रीडा असेल तर नर्स हजर पाहिजे, असा नियम निघाला. मग नर्स मार्जान एजेची, म्हणजे मार्जानताईची, लेखी संमती. मग लेखी संमतीची प्रत. शेवटचा रकाना होता, पर्यायी तारीख. मी लिहिलं, "गरज नाही", आणि खाली रेघ ओढली.

शार्शेन बाइकेंनी चष्मा काढला. "पोरी, सव्वीस वर्षं मी हे अर्ज घेतोय. या रकान्यात असं कुणी लिहिलं नव्हतं."

मी ते कौतुक समजले.

राहता राहिला ओरोज. त्याचं म्हणणं असं की चालण्याची गरजच काय. रांगत तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा सेकंदांत पोचायचा. मी मोजले आहेत. मी पाच पावलांवर कुरुत ठेवायचे. कुरुत म्हणजे खारट दह्याची वाळवलेली गोळी, तिच्यासाठी तो जीव टाकतो. तो गोळीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि बसल्या जागी भोकाड पसरायचा. चाळीस सेकंदांत कुणीतरी गोळी त्याच्या हातात आणून द्यायचं. शिबिरात सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांवर त्याचं ध्येय उतरत होतं, आणि ते दरवेळी साध्यही होत होतं.

दरम्यान गावाला कळलं होतं. मार्जान एजेने सांगितलं की काही मुलं दीड वर्षाची होईपर्यंत चालत नाहीत, त्यात काळजीचं काही नाही. इतका कंटाळवाणा सल्ला मिळाल्यावर तिला पुन्हा कुणी विचारलं नाही. शेजारच्या तोक्तोकान एजेने गुडघ्यांना मेंढीच्या शेपटाची चरबी चोळायला सांगितलं. चोळली. तीन दिवस आमचा कुत्रा ओरोजचे गुडघे चाटत त्याच्यामागे फिरला, आणि चौथ्या दिवसापासून कुत्र्याची सोय व्हावी म्हणून ओरोजने रांगणंही सोडलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने कोमट वाळूत कमरेपर्यंत पुरायला सांगितलं. ओरोज वाळूत उभ्याउभ्या झोपला. त्याला उकरून काढायला दोन माणसं लागली. बाबांचा सल्ला होता, राहू द्या त्याला. पण बाबांचा प्रत्येक बाबतीत हाच सल्ला असतो, आणि आमचं फाटक माझ्या जन्मापासून एका बिजागरीवर लोंबतं आहे.

अठरा मेला सामात तायके आला. वाळला होता, कानांपाशी दोनचार केस पांढरे झाले होते, आणि सोबत एक लाल बॅग होती, चाकांची, त्यातलं एक चाक कुईं कुईं वाजणारं. त्याने ओरोजला उचललं. ओरोजने त्याच्या खांद्यावरून बॅगेकडे पाहिलं आणि तो प्रेमात पडला. मामाच्या नव्हे, चाकाच्या. आठवडाभर बॅगेला टेकून बसणं एवढा एकच कार्यक्रम. फाईलमध्ये "सात पावलं" या रकान्यासमोर मी पेन्सिलीने लिहिलं, "प्रगतिपथावर".

चोवीस मे उजाडला. पाहुणे अकराला बोलावले होते. पहिला पावणेदहाला आला, शेवटचा दोनला, आणि दोघेही म्हणाले की वेळेवर पोचलो. कानिशाय धावायचे बूट घालून आली. ओरोजला मखमली बंडी चढवली, गल्लीच्या मधोमध उभं केलं, आणि मी हात सोडले.

तो बसला.

पुन्हा उभं केलं. बसला. साठ माणसं श्वास रोखून बघताहेत, प्लास्टरवाला स्पर्धकसुद्धा कुबडी टेकून पवित्र्यात उभा, आणि हा बंडीचं बटण खातोय. तरी दोरी बांधा, मी म्हटलं. मोठी आपा म्हणाली, न चालणाऱ्याची दोरी कापायची नसते, तिच्या आजीपासून कुणी कापलेली नाही. मी मुद्दा मांडला की तो धरून चालतो, म्हणजे तत्त्वतः चालतोच.

"तत्त्वतः मीही अठरा वर्षांची आहे," मोठी आपा म्हणाली.

मग लोक जेवले. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. कुणी रागावलं नाही, कुणी हसलंसुद्धा नाही. सगळे पुलावाभोवती बसले, गाणी म्हटली, ओरोजला आशीर्वाद दिले, आणि चालेल हो तो, बुयुर्सा, असं म्हणत पिशव्यांमधून उरलेलं अन्न घेऊन घरी गेले. जाताना चौघींनी मला सांगितलं की समारंभ फार छान झाला. कानिशायने इतके बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, खाल्ले होते की तिला वाकून बुटांच्या नाड्या सोडता येईनात.

मी फाईल घेऊन गवताच्या गंजीमागे जाऊन बसले. उन्हं उतरली तेव्हा सामात तायके तिथे आला आणि शेजारी बसला. त्याची रजा संपली होती, सोमवारी सकाळची गाडी. मी म्हटलं, मी तुला शंभर टक्के सांगितलं होतं. तो म्हणाला, तू माझ्यासाठी केवढं केलंस, आता पुढच्या वेळी बघेन त्याला चालताना.

"पुढची वेळ केव्हा?" मी विचारलं. रकान्यात लिहायची सवय.

तो गवताची काडी सोलत राहिला. "पुढच्या मे महिन्यात. बुयुर्सा."

मार्चपासून मला वाटत होतं की आळशी माणसं हा शब्द वापरतात. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की ज्याला खरंच माहीत नसतं, आणि तरीही नाही म्हणायचं नसतं, त्याच्याकडे दुसरा शब्दच नसतो. मी फाईल मिटली.

पंचवीस मे म्हणजे शाळेचा शेवटचा दिवस. पांढरा एप्रन, वेण्यांना कोबीएवढ्या पांढऱ्या फिती, आणि काखेत फाईल, कारण त्या दिवशी अख्ख्या शाळेपुढे मला "साध्य झालेलं ध्येय" या विषयावर बोलायचं होतं. हे फेब्रुवारीत ठरलं असतं तर मी आजारी पडले असते. पण आधी तायकेला निरोप द्यायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. मोठ्या आपाने त्याच्या वाटेसाठी बोरसोकांचं गाठोडं घेतलं. माझ्या डाव्या खिशात दोरी तशीच होती. कलम एकतीस रद्द करायला मला धीर झाला नव्हता.

आठ वाजले. गाडीत सोळा सीटा आणि तेरा माणसं. जोल्दोश बाइके चाकाला लाथा मारून ते पक्कं आहे का बघत होता. तो दिवसातून चाळीस वेळा बघतो. साडेआठला एक मावशी आली. नऊला मार्जान एजे आली, जिल्ह्याच्या गोदामातून औषधं आणायला निघालेली, गळ्यात औषधांची पिशवी. एक सीट उरली. सीट भरल्यावर सुटणाऱ्या गाड्यांविरुद्ध मी शाळेच्या भित्तिपत्रकात लेख लिहिला आहे. त्या सकाळी मी मनातल्या मनात म्हणत होते, कुणी येऊ नका. कुणी म्हणजे कुणी येऊ नका.

साडेनऊला रस्त्याच्या टोकाला एक काळी बॅग दिसली, आणि बॅगेमागे शार्शेन बाइके. जिल्हा कार्यालयात कागद पोचवायला निघाले होते. जोल्दोश बाइकेने इंजिन चालू केलं.

तायकेने आपाला मिठी मारायला लाल बॅग हातातून सोडली. स्टँडला थोडा उतार आहे, आणि आमच्याकडच्या वाऱ्याला कारण लागत नाही. बॅग निघाली. कुईं, कुईं, कुईं. माझा एप्रन धरून उभ्या असलेल्या ओरोजने मान वळवली. त्याचं सर्वस्व त्याला सोडून चाललं होतं. त्याने माझा एप्रन सोडला.

एक पाऊल. दोन. मी ओरडणार होते, तर मोठ्या आपाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची अंगठी रुतली. तीन, चार, पाच. हात पंखांसारखे पसरलेले, पोट पुढे, गावकऱ्यांनो, बाजूला व्हा असा चेहरा. सात पावलांवर त्याने बॅग गाठली आणि तिला एक चापट मारली. तायकेचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. तो तसाच राहिला. त्याने टोपी काढली आणि तिच्यात तोंड लपवलं.

"दोरी," मोठी आपा म्हणाली.

मी डाव्या खिशात हात घातला.

जोल्दोश बाइकेने इंजिन बंद केलं. पंधराच्या पंधरा उतारू खाली उतरले. कुणी एका शब्दाने विचारलं नाही की किती वेळ लागेल. स्टँडपासून पाण्याच्या पंपापर्यंत आणि परत, अशी शर्यत ठरली. दोन कॉलेजची मुलं, जोल्दोश बाइके स्वतः, आणि आणखी कोण? तायके ओरोजसमोर गुडघ्यांवर बसून दोरी बांधत होता. मी म्हटलं, तू धाव. तो मान वर न करता म्हणाला, "तुझी मी कापली. आता तुझी पाळी."

मी आयोजक होते. धावणं माझ्या रकान्यात नव्हतं. मी नवे बूट काढले आणि रेषेवर उभी राहिले. शार्शेन बाइके म्हणाले की सरकारी माणूस रस्त्यावर धावत नाही, आणि पँट घोट्यापर्यंत दुमडू लागले.

सुरुवातीलाच ती दोन कॉलेजची मुलं एकमेकांत अडकून पडली. जोल्दोश बाइके दहा पावलांवर थांबला, कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागला आणि सवयीने शेजारच्या गाडीच्या चाकाला लाथ मारू लागला. राहिलो मी आणि शार्शेन बाइके. सैन्यात असताना ते पाच किलोमीटर धावायचे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काळी बॅग छातीशी धरून ते हरणासारखे चालले होते. पंपाला त्यांचा हात माझ्याआधी लागला.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ओरोजचं सगळं आयुष्य उभं राहिलं. मूल त्याच्यावर जाणार. हा दूध मागणाऱ्या वासराकडून तीन प्रती मागणार. मी वळले, आणि नेमक्या त्या क्षणी काखेतली फाईल उघडली. वाऱ्याने कड्यांतून पानं खेचायला सुरुवात केली. एप्रिल पॉप्लरच्या झाडांकडे गेला. मेचा पहिला पंधरवडा नदीकडे. पाहुण्यांची यादी एका गाढवाच्या तोंडावर जाऊन चिकटली. सात आठवडे, बेचाळीस कलमं, चार रंगांची शाई. मार्चमधली बेगाइम थांबून एकेक पान वेचत बसली असती. मी हात सैल सोडला आणि धावले. अनवाणी, फिती कानांवर आपटताहेत, समोर गुडघ्यांवर बसलेला तायके आणि त्याच्या हातांत पाय बांधलेला ओरोज, टाळ्या वाजवणारा. शेवटच्या चार पावलांत मी शार्शेन बाइकेंना मागे टाकलं, मग त्यांच्या पोटाला, मग छातीशी धरलेल्या बॅगेला.

सुरी घरी होती. पण मार्जान एजेच्या पिशवीत पट्ट्या कापायची कात्री होती. क्रीडा प्रकारात नर्स अनिवार्य असते ती उगीच नाही. मी दोरी कापली. ओरोज दोन्ही पायांवर उभा राहिला आणि चार पावलं मागे सरकलेल्या मामाकडे बघत त्याच्या दिशेने चालला, या वेळी बॅगेशिवाय. मोठ्या आपाने वाटेचं गाठोडं सोडून सगळे बोरसोक उधळले. उतारूंनी ते वेचून खाल्ले. तायकेच्या वाट्याला सहा आले आणि त्याने ते खिशात जपून ठेवले.

गाडी दहा चाळीसला सुटली. आठची गाडी वेळेवर सुटली, असं जोल्दोश बाइकेने जाहीर केलं. त्याआधी शार्शेन बाइकेंनी खिडकीतून मला बोलावलं. कार्यक्रम ठरल्या दिवशी न झाल्याने अर्जातला तो रकाना आता भरावा लागेल, म्हणाले. फाईलच्या कडीत एकच पान अडकून राहिलं होतं, त्यांच्या अर्जाची प्रत. "गरज नाही" खोडून मी लिहिलं, पंचवीस मे. त्यांनी बॅग मांडीवर घेऊन त्यावर शिक्का मारला. आणि फार हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "धावतेस चांगली."

शाळेत पोचले तेव्हा भाषणांचा शेवट चालला होता. एक फीत हरवलेली, पायांना चिखल, हातात रिकामी फाईल. आराखडा कुठे आहे, असं आमच्या वर्गाच्या बाईंनी विचारलं. मी सांगितलं की थोडा नदीत आहे आणि थोडा गाढवापाशी. ध्येय विचाराल तर ते पूर्ण झालं आहे, सात पावलं, साक्षीदार वीसेक. टाळ्या मोजल्या नाहीत. मोजण्याजोग्या होत्या, एवढंच सांगते.

आता नवी पानं आखली आहेत. रकाने आखल्याशिवाय मला राहवत नाही, आणि दोरी डाव्या खिशात होती ती रकान्यामुळेच, हे विसरू नये. काम, तारीख, जबाबदार व्यक्ती. फक्त शेवटी एक नवा रकाना आहे, सगळ्यांत रुंद. मोठ्या आपाने चष्मा लावून वरचा मथळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि हा कोरा का, असं विचारलं. मी सांगितलं की तो कोराच ठेवायचा असतो.

पहिली ओळ लिहून झाली आहे. काम: सामात तायकेला आणायला स्टँडवर जाणे. तारीख: पुढच्या वर्षीचा अठरा मे. जबाबदार: बेगाइम आणि ओरोज. ओरोजच्या नावापुढे कंसात लिहिलं आहे, चालत. आणि त्यापुढे बुयुर्साचा तो रुंद, पांढराशुभ्र रकाना.